फावल्या वेळाचे धनी : तंत्रज्ञान, काम आणि हौसेचे शिक्षण यांविषयीच्या रूढ मतांचा आढावा

मराठी घरांत नव्या यंत्राविषयी, नोकरीविषयी आणि शिकण्याविषयी जी मते रोज बोलली जातात, ती एकत्र मांडली तर त्यांचा मेळ बसत नाही. यंत्रांनी माणसांच्या तोंडचा घास पळवला असे म्हणणारा गृहस्थ आपल्या मुलाला मात्र संगणकाच्याच शाखेत प्रवेश मिळावा म्हणून धडपडतो. मुलांनी नुसती घोकंपट्टी करू नये असे सांगणारी आई दहावीच्या वर्षात ताऱ्यांवरचे पुस्तक हातात दिसले की ‘हे पेपरात येणार आहे का’ असे विचारते. आणि ज्ञानाला मोल नसते असे समारंभात ऐकवणारे वक्ते घरी आल्यावर कला शाखेला निघालेल्या पुतण्याच्या काळजीत पडतात. ही विसंगती ढोंग म्हणून निकालात काढणे सोपे असले, तरी न्याय्य नाही. यांपैकी प्रत्येक मतामागे गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांतला काही अनुभव उभा आहे आणि तो वेगवेगळ्या थरांतील माणसांना वेगवेगळा आला आहे. वाद वरवर ‘उपयोग’ या शब्दाभोवती फिरतो. त्याच्या मुळाशी मात्र वेळेचा, म्हणजे दिवसातील कोणते तास कोणाच्या हुकमतीखाली राहतात याचा प्रश्न आहे, असे या आढाव्यात दाखवण्याचा प्रयत्न आहे.

पोटापाण्याशी संबंध नसलेल्या शिकण्याला मराठीत एकच नाव नाही. खूळ, नाद, छंद, हौस, व्यासंग अशी एक चढती ओळ आहे आणि त्यांतला कोणता शब्द वाट्याला यावा हे कृतीपेक्षा करणाऱ्याच्या ऐपतीवरून ठरते. निवृत्त न्यायाधीश जुनी नाणी जमवू लागले की तो व्यासंग. तेच काम गावातल्या एखाद्या सुताराच्या पोराने केले की तो नाद, आणि त्यापायी त्याने कामाचा एखादा दिवस बुडवला की ते खूळ. ‘उद्योग’ या शब्दाची गंमत तर आणखी निराळी आहे : कारखानदारीलाही तोच शब्द आणि घड्याळ उघडून बसलेल्या मुलाच्या करणीलाही तोच, फक्त दुसऱ्या ठिकाणी आधी ‘नसता’ लागतो. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याला दोष दिला जातो तो घरचे खाऊन भाजतो म्हणून. भाकऱ्या कच्च्या राहिल्या अशी तक्रार कोणी करीत नाही. ‘फावला वेळ’ या जोडीतील ‘फावणे’ या क्रियापदाचा अर्थ सवड मिळणे, साधणे असा आहे. असा वेळ आपोआप शिल्लक राहत नाही, तो साधून घ्यावा लागतो, ही जाण भाषेतच मुरलेली दिसते.

तंत्रज्ञानाविषयीचे सर्वांत जुने रूढ मत संशयाचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर तयार केले तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकरी म्हणत आणि पहिले नांगर बराच काळ विक्रीविना पडून राहिले, ही हकीकत अनेकदा सांगितली जाते. तिचा उपयोग बहुधा शेतकऱ्याचा अडाणीपणा दाखवण्यासाठी केला जातो. तसे वाचणे उथळपणाचे आहे. लाकडी नांगर गावच्या सुताराकडून मिळे, मोडला तर तोच दुरुस्त करी आणि त्याचा मोबदला बलुते म्हणून, म्हणजे सुगीनंतर धान्याच्या वाट्याच्या रूपाने, दिला जाई. लोखंडी नांगराला रोख पैसा लागे, आणि त्याचा फाळ मोडला तर कोणाकडे जायचे याचे उत्तर गावाच्या शिवेत नव्हते. ‘विष’ हा शब्द चुकीचा होता, पण आपला हात दुसऱ्याच्या हातात अडकत चालला आहे ही जाणीव चुकीची नव्हती. गमतीचा भाग असा, की तो नांगर घडवणारे स्वतः नसत्या उद्योगांचे धनी होते. चित्रकला शिकायला मुंबईला गेलेल्या लक्ष्मणरावांना रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर ते यांत्रिक आरेखनाकडे, म्हणजे यंत्रांची मापबरहुकूम चित्रे काढण्याकडे, वळले. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिकवले. आणि मग बेळगावात भावासह सायकलींचे दुकान काढून ते यंत्रांच्या मोडतोडीत रमले. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हा या नादाला ‘उद्योग’ हे नाव ‘नसता’ न लावता मिळाले.

गिरण्यांच्या इतिहासात वेळेचा प्रश्न अधिक उघडा दिसतो. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढची कित्येक दशके कामाचा दिवस सूर्याने ठरवला : उजाडल्यावर चालू, मावळल्यावर बंद. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरल्या, तेव्हा सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे जे निवेदन तयार झाले त्यातील मागण्या वाचण्यासारख्या आहेत. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढाच कामाचा दिवस आणि ठरल्या तारखेपर्यंत पगार. यंत्र नको, असे त्यात कोठेही नाही. यंत्रासमोर किती वेळ उभे राहायचे एवढाच वाद आहे. १८९० मध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली. रविवार हा खंडोबाचा वार, असाही आधार त्या मागणीला दिला गेल्याचे सांगतात, आणि तो मोठा धूर्त आधार म्हटला पाहिजे, कारण देवाच्या नावाने मागितलेला दिवस नाकारणे मालकांना अवघड होते.

त्यानंतर विजेचे दिवे आले. १९०५ च्या सुमारास कापडाला तेजी असताना मुंबईच्या अनेक गिरण्यांनी दिव्यांच्या उजेडात काम लांबवले आणि दिवस चौदा-चौदा तासांवर गेला. एका काचेच्या फुग्याने सूर्यास्ताची मर्यादा पुसून टाकली. वीज ही सर्वसामान्य समजुतीत निखळ वरदान मानली जाते आणि तिच्या उजेडात अभ्यास करून मोठे झालेल्या मुलांच्या कथा लोकप्रिय आहेत. त्याच उजेडाने गिरणगावातल्या बापाची संध्याकाळ घेतली, हे त्या कथांत येत नाही. कामगारांनी विरोध केला, चौकशी समित्या बसल्या, आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर बांधला गेला. १९२२ मध्ये आठवड्याला साठ, १९३४ मध्ये चौपन्न आणि १९४८ मध्ये अठ्ठेचाळीस तास, अशी ही मर्यादा खाली येत गेली. यंत्रे या सर्व काळात अधिकाधिक वेगवान होत होती, पण तास उतरले ते यंत्रांच्या वेगामुळे नव्हेत, कायद्यामुळे आणि संपांमुळे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवून कारखान्यांतील रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. म्हणजे १९११ चा आकडा ११४ वर्षांनी पुन्हा कागदावर आला.

यंत्र नोकऱ्या खाते की नाही, या नेहमीच्या वादात १९८२ चा गिरणी संप आणि बँकांतील संगणक ही दोन उदाहरणे हमखास निघतात. पहिल्याविषयी इतकेच म्हणता येईल, की सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप आणि त्यानंतरची वाताहत यांत यंत्रमाग, जमिनीच्या किमती, मालकांची धोरणे आणि संपाचे नेतृत्व यांचे धागे इतके गुंतलेले आहेत, की त्यातून यंत्राविषयी एक सरळ निष्कर्ष काढणारा कोणताही पक्ष घाई करतो. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९८३ मध्ये बँकांची व्यवस्थापने आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाबाबत करार झाला आणि १९८४ मध्ये रंगराजन समितीने संगणकीकरणाचा आराखडा दिला, तेव्हा कर्मचाऱ्यांची मुख्य भीती कपातीची होती. त्या काळी पैसे काढायला आलेला खातेदार पितळी बिल्ला हातात धरून बाकावर बसे, आत एक कारकून जाडजूड खातेवहीत नोंद करी, दुसरा ती तपासून सही करी, आणि मग खिडकीतून बिल्ल्याचा आकडा पुकारला जाई. ही साखळी तुटली, पण माणसे एकदम घरी गेली नाहीत. पुढे २०००-०१ मधील स्वेच्छानिवृत्तीत सार्वजनिक बँकांतील एक लाखाहून अधिक कर्मचारी बाहेर पडले, आणि जे उरले त्यांच्या कामाचा पोतच बदलला. यंत्राने वाचवलेला वेळ कर्मचाऱ्याच्या वाट्याला आला नाही. त्या वेळेत विमा, ठेवी आणि कार्डे विकण्याची उद्दिष्टे येऊन बसली. पाचच्या ठोक्याला दप्तर आवरून नाटकाच्या तालमीला जाणारा बँक कारकून हा मराठी हौशी रंगभूमीचा एक खांब होता. तो दिसेनासा झाला, याचा हिशोब संगणकीकरणाच्या कोणत्याही ताळेबंदात सापडत नाही.

छापखान्यातील खिळे जुळवणाऱ्यांची गोष्ट याच्या शेजारी ठेवली पाहिजे, कारण तेथे शिकणे कामाच्या तासांतच घडत होते. देवनागरीत जोडाक्षरे आणि काना-मात्रांमुळे कंपोझिटरला शेकडो खिळ्यांच्या जागा बोटांना पाठ करून ठेवाव्या लागत. डाव्या हातातील स्टिकमध्ये तो एकेक खिळा उलटा बसवी आणि मजकूर आरशातल्यासारखा वाचत जाई. दिवसभर कविता, पंचांग, कोर्टाच्या नोटिसा आणि वैद्यकाची पुस्तके हाताखालून गेल्यावर त्यातले काही डोक्यात राहिल्याशिवाय राहत नसे, आणि लेखकाचे शुद्धलेखन सुधारणारे कंपोझिटर ही मुद्रणव्यवसायात नवलाची गोष्ट नव्हती. १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी चौधरी शाळेत फारसे शिकलेले नव्हते. ते टाइपाच्या कामातून वर आले आणि त्यांच्या छापखान्याची संस्कृत ग्रंथांची छपाई विद्वानांत प्रमाण मानली गेली. संगणकावरच्या अक्षरजुळणीने विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत हे काम संपवले. नव्या पद्धतीत वेग आला, खर्च उतरला, अक्षर सुबक झाले. यात रडण्यासारखे काही नाही. मात्र वाचण्यासाठी पगार देणारी एक जागा बंद झाली.

आता केवळ कुतूहलासाठी शिकण्याकडे वळता येईल. त्याचे मराठी मुलखातील सर्वांत निर्मळ उदाहरण देवळालीच्या शाळेत सापडते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२९ मध्ये पदवी घेऊन ते १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे देवळालीला शाळामास्तर होते. त्यांचा सर्वांत गाजलेला शोध चौथीतल्या मुलालाही करून पाहता येतो. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, फक्त चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि उत्तरावर हेच पुन्हा करावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ वजा जाऊन ३०८७ उरतात. ८७३० मधून ०३७८ गेल्यावर ८३५२. आणि ८५३२ मधून २३५८ गेल्यावर ६१७४. पुढे कितीही वेळा केले तरी ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४च येत राहतात. संख्या कोणतीही असो, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत गाडी याच स्थानकावर येऊन थांबते. स्थानकाची उपमा येथे अगदीच परकी नाही, कारण कापरेकरांनी एका संख्यागटाला ‘डेम्लो’ हे रेल्वे स्थानकाचे नाव दिले होते; ती कल्पना त्यांना तेथे गाडीच्या प्रतीक्षेत असताना सुचली असे सांगतात. दुसऱ्या एका गटाला ‘देवळाली संख्या’ हे नाव मिळाले. भारतातील अनेक व्यावसायिक गणितज्ञ या कामाला खेळ समजत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिल्यावर जगभरच्या हौशी गणितप्रेमींना त्यांचे नाव कळले.

या उदाहरणाचा नेहमी काढला जाणारा अर्थ असा, की खऱ्या जिज्ञासूला साधनांची गरज नसते. तो अर्थ अपुरा आहे. कापरेकरांना पैसा नव्हता हे खरे, निवृत्तीनंतर त्यांची ओढाताण झाली हेही खरे. परंतु त्यांना बत्तीस वर्षे महिन्याच्या महिन्याला येणारा पगार होता, चार-पाचला सुटणारी शाळा होती आणि उन्हाळ्याची लांब सुट्टी होती. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा १८९६ मधील प्रचंड ग्रंथ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित शिक्षण खात्यातच शिक्षक होते. मराठीतील कोशकार, इतिहासाचे साधनसंग्राहक, ग्रहगणिती यांच्या यादीत शाळामास्तर, पोस्टातले कारकून आणि कचेरीतले अव्वल कारकून इतक्या संख्येने आढळतात, की स्थिर पण बेताचा पगार आणि संपणारा कामाचा दिवस ही या व्यासंगाची पूर्वअटच होती असे म्हणावेसे वाटते. या वर्गासाठी उभ्या राहिलेल्या संस्थांनीही तेच वेळापत्रक पाळले. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला उन्हाळ्यात आणि संध्याकाळी भरते, म्हणजे कचेऱ्या सुटल्यावर. १९२८ पासूनचे ‘सृष्टिज्ञान’ मासिक आणि १९४४ ची ज्योतिर्विद्या परिसंस्था याच घरगुती, संध्याकाळच्या जिज्ञासेची अपत्ये आहेत. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने हा परीघ वाढवला. तिच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली, हे तेथील मोकळ्या वातावरणाला साजेसेच होते.

पण ही संध्याकाळ सर्वांची नव्हती, आणि हा आक्षेप फार पूर्वी घेतला गेला आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, ती दिवसा वेळ नसलेल्यांची अडचण ओळखून. आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले त्यात सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि तो ज्यांच्या घामातून येतो त्यांच्या मुलांच्या वाट्याला प्राथमिक शिक्षणही येत नाही, असा रोखठोक हिशोब मांडला. अभ्यासक्रमात शेतीचे प्रत्यक्ष ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत अशी त्यांची मागणी होती. आज ‘उपयोगाचे तेवढेच शिकवा’ हे मत बाजाराच्या बाजूने मांडले जाते, म्हणून फुल्यांची मागणीही तीच समजण्याची चूक होते. फुले उपयोग मागत होते तो शिकणाऱ्याचा. नोकरी देणाऱ्याला कसा माणूस हवा, हा त्यांचा प्रश्न नव्हता. भाऊराव पाटलांनी हा धागा पुढे नेला. किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी गावोगाव फिरलेल्या या माणसाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना रुजवली, म्हणजे गरीब मुलाने श्रमातून स्वतःच्या शिक्षणाचा खर्च भागवावा अशी व्यवस्था केली. तिच्यात श्रमाला प्रतिष्ठा मिळाली आणि हजारोंना शाळा दिसली. तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे : सकाळी खडी फोडून दुपारी वर्गात बसणाऱ्या मुलाला उगाच काही वाचत बसण्याची चैन परवडत नव्हती, आणि तशीच दोन्ही कामे करणाऱ्या आजच्या मुलालाही ती परवडत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर यंत्र आणि वेळ यांचा हिशोब आणखी उलटासुलटा होतो. पहाटे जात्यावर दळण दळणे हे हाडे मोडणारे काम होते आणि पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास टाकला, यात शंका नाही. परंतु त्याच जात्यावर ओवी रचली जात होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माहेर, भाऊ, पंढरी, सासुरवास, पाऊस, आंबेडकर, असे त्यातले विषय पाहिले की दोन बायका समोरासमोर बसून दळता दळता जगाचा विचार करीत होत्या हे लक्षात येते. शाळेने आणि वाचनालयाने त्या विचाराला कधी शिक्षण म्हटले नाही. गिरणी, गॅस, कुकर, मिक्सर यांनी एकेक काम हलके केले, आणि तरीही राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, म्हणजे माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याच्या पाहणीत, घरातील बिनपगारी कामांत असलेल्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि तशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात असे आढळले. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांची नऊ. जाते गेले, ओवीही गेली, आणि दोन्ही जाऊन जी सवड उरायला हवी होती ती डब्यांत, शिकवणीच्या ने-आणीत आणि शाळेच्या व्हॉट्सॲप गटांत विरून गेली.

परीक्षेचा मुद्दा शेवटाकडे घेतला आहे, कारण कुतूहलाचा गळा परीक्षेने दाबला हे मत इतके सर्वमान्य आहे की त्यात नवे सांगण्यासारखे थोडे उरते. १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि शिक्षण ही कुटुंबाने पैसे घालून करायची गुंतवणूक झाली. ज्यात पैसा घातला त्यातून परतावा मागितला जाणार, हे ओघानेच आले. त्यामुळे वाचण्याच्या जागांतही एक बदल झाला. रत्नागिरीला १८२८ मध्ये निघालेल्या वाचनालयापासून १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यापर्यंत जी कल्पना वाढली, तिच्यात वाचक रिकाम्या हाताने येतो आणि कपाटातले काहीतरी त्याला सापडते. पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांत उमेदवार स्वतःची पुस्तके घेऊन येतो, महिन्याचे भाडे भरून टेबल-खुर्ची आणि दिवा मिळवतो, आणि कपाट असलेच तर त्यात डबे आणि हेल्मेटे असतात. ‘सामान्य ज्ञान’ नावाचा विषय या जगाची खास निर्मिती आहे. कापरेकर स्थिरांक किती, या प्रश्नाचे उत्तर तेथे अनेकांना पाठ असते. वजाबाकी करून पाहिलेले थोडे. यात उमेदवारांना हसण्यासारखे काही नाही. हजार जागांसाठी लाखो अर्ज येतात तेथे एखाद्या वजाबाकीत संध्याकाळ घालवणे हा तोट्याचा सौदा ठरतो, आणि आपली संध्याकाळ कितीला पडते हे त्यांना त्यांच्या टीकाकारांपेक्षा नेमके ठाऊक असते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून जुनी सर्व मते नव्या अंगरख्यात परतली आहेत. ‘आता शिकून काय करायचे, यंत्रच सांगेल’ असे एक म्हणतो. दुसरा कारकुनांचे आणि अनुवादकांचे दिवस भरले असे बजावतो. तिसऱ्याला वाटते की कंटाळवाणी कामे यंत्राकडे गेल्यावर माणूस आवडीचे शिकायला मोकळा होईल. तिसरे मत सर्वांत गोड आहे आणि इतिहास त्याच्याच सर्वांत विरुद्ध आहे. विजेच्या दिव्याने संध्याकाळ वाढली ती गिरणीला मिळाली, संगणकाने वाचवलेला तास विक्रीच्या उद्दिष्टाने घेतला, मिक्सरने वाचवलेली मिनिटे घरानेच परत मागितली. आठ तासांचे काम चार तासांत झाले तर उरलेले चार कोणाचे, हा प्रश्न यंत्र सोडवत नाही. तो लोखंड्यांच्या निवेदनातला प्रश्न आहे आणि त्याला निवेदन, करार किंवा कायदा यांतूनच उत्तर मिळाले आहे. पहिल्या मताविषयी इतके म्हणता येईल, की चार अंकी सगळ्या संख्या ६१७४ पर्यंत कशा पोहोचतात हे संगणक क्षणात दाखवतो. पण देवळालीच्या मास्तरांना ते कोणी विचारले नव्हते आणि त्यांना त्याचे उत्तर कोणाला द्यायचेही नव्हते.

सर्वसाधारण चर्चेत तंत्रज्ञान शहरात, काम कचेरीत आणि शिक्षण वर्गात असते, अशी वाटणी गृहीत धरलेली असते. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे या तिन्ही खणांत बसत नाहीत. तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराच्या आसपास जमीन असलेले हे शेतकरी १९८३ मध्ये आपल्या धानात फिरत असताना त्यांना पटेल-३ या वाणाच्या पिकात पिवळसर दाण्यांच्या तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या काढून त्यांनी निराळ्या ठेवल्या, पुढच्या हंगामात निराळ्या पेरल्या, दाणा बारीक आणि उतारा जास्त येतो असे पाहिले आणि पुढची काही वर्षे तीच निवड पुन्हा पुन्हा केली. शास्त्रज्ञ याला निवडपद्धतीने वाणनिर्मिती म्हणतात. त्यांच्या शिवारात धान पिकवणारे शेकडो होते आणि तशा लोंब्या त्यांच्याही डोळ्यांखालून गेल्या असतील. वेगळ्या लोंबीसाठी वेगळा वाफा राखायला जागा आणि वेळ मात्र दीड एकरातूनच काढावा लागला. तांदूळ पसरला, २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला, आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा तो अनेक राज्यांत पिकत होता. पहिल्यांदा बाजार समितीत विक्रीला आला तेव्हा त्या धानाला नावच नव्हते. व्यापाऱ्यांनी त्याला त्या काळी मनगटामनगटावर दिसणाऱ्या घड्याळाचे नाव दिले आणि ते टिकले : एचएमटी.